वरची खोली

"पैशाचा विचार करू नकोस, कुठे राहायचं तेवढं सांग," मुलगा म्हणाला, तेव्हा आईने जिथे उभी हयात भांडी घासली, तोच बंगला तिने मागितला. मालकीणबाई वारल्यानंतर त्याने तो विकत घेतला. आई मात्र पहिल्याच दिवशी मागच्या दाराने आत आली आणि स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत तिने अंथरूण टाकलं. "अगं, वरची मोठी खोली तुझी," त्याने सांगितलं. "तिथे बाई असतात," ती सहजपणे म्हणाली. त्याने हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कपबशी घेऊन लगबगीने जिना चढताना दिसली. त्याने वाट अडवली. "आई, बाई गेल्या. आता तू मालकीण. तुला बोलवायची घंटासुद्धा मी भिंतीवरून उपटून टाकलीय." आईने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "म्हणूनच बिचाऱ्यांना सकाळपासून हाका माराव्या लागतायत," ती म्हणाली. "सरक बाजूला, चहा निवतोय."