समाधानी प्रेक्षक

"काका, शर्यत कशी वाटली? छान, खूप छान, की अतिशय छान?"

शिंप्याने टॅबवर लोकांची मतं टिपणाऱ्या पाहणीवाल्या बाईकडे वळून पाहिलं. लोखंडी कठडा त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "मला पलीकडे जायचंय," तो म्हणाला.

पलीकडे इस्पितळ होतं. तिसऱ्या मजल्यावर त्याची आई. आज तिच्या हृदयाचं ऑपरेशन. सकाळी आंघोळीपुरता म्हणून तो घरी गेला आणि परत येतो तर सायकल शर्यतीसाठी रस्ता बंद. शर्यत इस्पितळाला वळसा घालूनच जात होती. कुठूनही या, कठडा आडवा.

"'तू समोर दिसल्याशिवाय ऑपरेशनला आत जाणार नाही' म्हणालीय आई," तो बाईला सांगू लागला. "हट्टी आहे हो."

पोलिसाच्या हातापाया पडून झालं होतं. "पेशंटला सोडायचा हुकूम आहे, नातेवाइकांना नाही. वरून आलंय काका, मी तरी काय करू?" पोलीस म्हणाला होता. तोही बिचारा सकाळपासून चहावाचून ताटकळत होता.

बाईने टॅबवर बोट फिरवून पाहिलं. 'अडकलो' असा पर्यायच नव्हता. शर्यतीमुळे शहराचं काय भलं झालं, हे मोजायचं काम तिच्या कंपनीला मिळालं होतं, आणि कंपनीची रीत सोपी होती. जो कठड्याशी अर्ध्या तासाहून जास्त उभा, तो समाधानी प्रेक्षक. आवडल्याशिवाय का कोणी उन्हात उभं राहतं? शिंपी तर सगळ्यांच्या आधीपासून उभा होता. त्या हिशेबाने आज शहरातला सगळ्यात सुखी माणूस तोच. हसावं की रडावं!

"थांबा, मी ऑफिसला विचारते," बाई म्हणाली, आणि तिने खरंच फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "मॅडम, तुमचं काम प्रश्न विचारायचं. सोडवायचं नाही."

तिला लाज वाटली. पण टॅब काही तिने पिशवीत टाकला नाही.

एवढ्यात शिंप्याचा फोन वाजला. बहिणीचा होता. "दादा, न्यायला आलेत रे. मी आईला खिडकीपाशी आणलंय. कुठे आहेस? तिला दिस तरी एकदा."

त्याने वर पाहिलं. खिडकीत काहीतरी पांढरं हललं. फोन स्पीकरवर टाकून त्याने खिशात सारला, दोन्ही हात उंच केले आणि जिवाच्या आकांताने हलवायला लागला. "आई! इथंय मी! इकडे बघ, इकडे!"

नेमका तेव्हाच सायकलींचा घोळका समोरून गेला. लोकांनी एकच गलका केला, त्यात त्याची हाक बुडून गेली. तो टाचा उंचावून ओरडतच राहिला. डोळ्यांना धार लागली होती, पण पुसायला हात मोकळे नव्हते.

आयोजकांचा फोटोवाला गर्दीतून वाट काढत धावत आला. "वा काका! याला म्हणतात उत्साह! हात तसेच ठेवा, अहवालाच्या पहिल्या पानावर घेतो तुम्हाला!"

"अहो, नका..." बाई पुटपुटली.

खिशातून बहिणीचा आवाज आला, "दादा, हात खाली कर आता. नेलं तिला."