हात नका लावू

पेणमधल्या आपल्या दवाखान्यात डॉक्टर किमयांनी खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमध्ये नवी वाळू ओतली आणि पाणी ताकासारखं झालं. मासे दिसेनात. घाबरून त्या सारखी जाळी फिरवत राहिल्या.

"हात नका लावू, मॅडम," फरशी पुसता पुसता बायजामावशी म्हणाल्या. त्या खाडीकाठच्या गावातून कामाला येत. "खाऱ्या पान्यातला गाळ आपसूक बसतो. कोनी हात लावला नाय म्हंजे झालं."

तिसऱ्या दिवशी टँकचा तळ लख्ख दिसू लागला. किमयांचा जीव भांड्यात पडला.

"मावशी, तुम्हाला हे कसं माहीत?"



"भात कापल्यावर उधाणात आमचा बांध फुटला, तवापासून शेतात खाडीचं पानी उभं हाय. बांधाला कोनीच हात लावला नाय. आता तळातली धसकटंपन दिसतात."