दोन नावांचं कासव

"रात्री हे झोपतं कुठं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हिच्याकडे," थोरली जाऊ म्हणाली. "यांच्याकडे," धाकटी म्हणाली. दोघी एकदमच बोलल्या.

डॉक्टरबाईंनी टेबलावरचं कासव अलगद वळवलं. पुढचा उजवा पाय कोपरापाशी कुरतडलेला होता. कातडी गेली होती, आतलं लाल मांस दिसत होतं.

"म्हणजे काल रात्री ते कुणाकडेच नव्हतं," त्या म्हणाल्या. "उंदरांचं काम आहे हे. गारठ्यात हे बिचारं जागचं हलत नाही. उंदरांचं आयतंच फावतं. नाव काय याचं?"

"शेठ."

"बटाटा."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. नावं दोन, घरं दोन आणि झोपायला उघडं आकाश! अशी चैन वैऱ्यालाही नको.

भाऊ वेगळे झाले तेव्हा अंगणात भिंत उभी राहिली. भांड्यांपासून झाडांपर्यंत सगळ्याची वाटणी झाली, पण कासवाचे दोन भाग काही करता येईनात. शेवटी गवंड्यानं भिंतीच्या बुडाशी एक भोक ठेवलं. तेव्हापासून कासव मर्जीनुसार इकडेतिकडे करायचं. दोन्हीकडे त्याच्यासाठी एकेक खोकं होतं. संध्याकाळी ज्यांच्या अंगणात ते असेल त्यांनी उचलून खोक्यात ठेवायचं, झाकण लावायचं. काल ते कुठल्याशा कुंडीमागे दडून बसलं असणार. इकडे दिसलं नाही म्हणजे तिकडे असेल, असं दोघींनीही गृहीत धरलं. विचारायचं तर बोलावं लागलं असतं, आणि बोलणं तर भिंतीच्याही आधी बंद पडलेलं. सकाळी ते त्या भोकातच सापडलं, अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे.

"एकमेकींना हाक मारून विचारलं नाहीत?" हे सगळं ऐकून डॉक्टरबाईंनी अगदी सहज विचारलं.

थोरली खिडकीबाहेर बघायला लागली. धाकटी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली.

"बरं. माझा मदतनीस आज रजेवर आहे. तुम्हीच हात लावा. एकीनं पाठ धरा, एकीनं पाय."

थोरलीनं पाठ धरली. धाकटीनं पाय धरला. एवढंसं जनावर, पण पाय आत ओढायची ताकद पैलवानाची. धाकटीची बोटं घसरायला लागली.

"शेठ, सांग बाबा तिला, हळू धर म्हणावं," थोरली कासवाला म्हणाली.

"बटाट्या, त्यांना सांग, हळू धरलं की तू निसटतोस."

"तो काही निरोप पोचवणार नाही," डॉक्टरबाई बाटली हलवत म्हणाल्या. "तुम्हीच बोललात तर काम लवकर उरकेल."

जखमेवर औषधाचं पाणी पडलं आणि कासवानं मोठ्यानं फस्स केलं. मान दिसेनाशी झाली. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

"गेला का हो? ताई, गेला का तो?"

"काही नाही गं, वेडाबाई. घाबरलाय, श्वास सोडला त्यानं. तू पाय सोडू नकोस. धर घट्ट."

मग दोघींना कळलं की आपण बोललो. पण हात गुंतलेले होते, रुसून दूर व्हायची सोय नव्हती. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिला ते पुसताही येईना. थोरलीनं आपला खांदा पुढे केला. धाकटीनं त्यालाच डोळे पुसले.

"पाय वाचेल ना?" थोरलीनं विचारलं.

"जखम चिघळली तर पाय काढावा लागेल. माती लागू द्यायची नाही, माशी बसू द्यायची नाही. घरातच ठेवा, उबेला, कोरड्या कागदावर. दोन्ही वेळा असंच धुवायचं, दोघींनी मिळून. आणि ते भोक रात्री बंद ठेवा. कुणाच्या घरी राहील?"

दोघींनाही ते हवं होतं. काल रात्रीची चूक दोघींनाही निस्तरायची होती, आणि त्याची ही एकच वाट दिसत होती. थोरलीनं टॉवेलची घडी केली, मोडली, परत केली.

"हिच्याकडे राहू दे," ती शेवटी म्हणाली. "आमची फरशी फार गार. मी येत जाईन धरायला."

"या ना, ताई," धाकटी म्हणाली. "दार उघडंच ठेवते."

पाय वाचला. जरा आखडला, त्यामुळे शेठची चाल आणखीनच शेठसारखी झाली. दोन्हीकडच्या खोक्यांना जाळीची झाकणं आली, कड्या आल्या. जखम भरली तसं कासव अंगणात फिरायला लागलं. धुवायचं काम संपलं आणि थोरलीचं जाणं-येणंही थांबलं. आता कुठल्या निमित्तानं जायचं?

एका संध्याकाळी थोरलीनं कासव उचललं, आपल्या खोक्यात ठेवलं, कडी लावून दोनदा ओढून पाहिली. भोकात वीट सरकवली. मग ती भिंतीपाशी टाचा उंचावून उभी राहिली.

"अगं ए, आहे का गं तो तिकडे?"

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"नाही हो, ताई. तुमच्याकडेच आहे. मघाशी मीच नाही का त्याला भोकातून ढकललं?"

"हो का? बरं, बरं." थोरलीच्या पायाशी खोक्यात खरडल्याचा आवाज येत होता. "म्हटलं, विचारलेलं बरं."

पलीकडून धाकटीची पावलं भिंतीजवळ आली.

"उद्यापण विचारा हं," धाकटी म्हणाली.