तक्रार निकाली

सकाळी साडेसातला वृद्धांच्या निवासातून फोन आला, की त्याची बायको बाथरूममध्ये पडली आणि जागीच गेली. भिंतीवरचा धरायचा दांडा ढिला होता. तिनं तक्रारवहीत तीनदा लिहिलं होतं. तो भेटायला गेला की म्हणायची, "मी दांड्याला सावरते की दांडा मला, तेच कळत नाही हो."

दीड महिन्यानं निवासाची सुरक्षितता तपासायला सरकारी बाई येणार असं कळलं, तसा तो मुद्दाम ऑफिसात जाऊन बसला. बाईंनी तक्रारवही पानन्‌पान चाळली.

"काका, एकही तक्रार बाकी नाही इथं. पैकीच्या पैकी गुण."

"दांड्याच्या तक्रारीपुढं काय लिहिलंय, ते वाचा जरा."

बाईंनी दोन पानं मागे उलटली आणि वाचलं, "तक्रारदार मयत. तक्रार निकाली."

"नियमच आहे तसा," मॅनेजर म्हणाला. "माणूस गेलं की तक्रार बंद करावी लागते."

"मग मी लिहितो. द्या वही इकडं."

"तक्रार इथं राहणाऱ्यानंच लिहायची असते, काका."

त्यानं बाईंकडे पाहिलं. "वहीत असेल तेवढंच मला बघता येतं," म्हणत त्यांनी सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

तो उठून तिच्या खोलीत गेला. पलंगावर नव्या आजी केस विंचरत बसल्या होत्या. त्यांना विचारून तो बाथरूममध्ये शिरला आणि त्यानं दांडा धरून पाहिला.



अजून हलतोच आहे.