वाचक पाहिजे

गुलाबी बोंडअळीनं अब्बाची कपाशी यंदाही पोखरली, तशी बी.एस्सी.ला असलेली सफा त्या अळीवरचं पुस्तक आणायला जळगाव जामोदहून एसटीनं खामगावला आपल्या कॉलेजात आली. ग्रंथालयात प्राचार्यांच्या हौसेचं शूटिंग चालू होतं. व्हिडिओचं नाव, 'ग्रंथालयात पुस्तक कसं शोधावं?'

"आज पुस्तकं मिळत नाहीत," ग्रंथपाल तिच्याकडे न बघताच म्हणाले.

"सर, बोंडअळीचं एकच पाह्यजे होतं. अब्बाचं वावर हातचं जाऊन राह्यलं."

तेवढ्यात प्राचार्यांना शॉटसाठी विद्यार्थिनी हवी झाली. त्यांनी सफालाच कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि तिनं मागितलेलं पुस्तक तिच्या हातात दिलं. सफानं अधाशासारखं पान उघडलं.



प्राचार्य खेकसले, "ए पोरी, वाचून काऊन राह्यली? कॅमेऱ्याकडे पाहून हास!"