एकोणिसावी

दाराला चिकटवलेल्या यादीत अठरा नावं होती आणि ग्लेंडा कोसिन्स्की एकोणिसावी होती. यादी वाचून कळायला नको म्हणून कोच जोआन रिडलींनी तिला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. आज जिंकलो तर अंतिम सामना, मला पळणारे पाय हवेत, असं म्हणाल्या. ग्लेंडाने मान डोलावली. ती एकोणचाळीस वर्षांची होती. कोच असती तर तिनेही हेच केलं असतं.

बायकांच्या व्यावसायिक लॅक्रॉस लीगचं हे पहिलंच वर्ष. ग्लेंडाच्या वेळी कॉलेज संपलं की मुलींचा खेळ संपायचा. मग शाळेत शिकवायचं, नाहीतर जाळीची स्टिक माळ्यावर टाकायची. तिने सतरा वर्षं शाळेत मुलींना हाच खेळ शिकवला. लीग निघाली तेव्हा निवडचाचणीला आलेल्यांत सगळ्यांत मोठी तीच होती. संघात घेतलं, पण आजवरचे पाचही सामने तिने साध्या कपड्यांत पाहिले. आज बाल्टिमोरला, घरच्या मैदानावर, तिची आई आली होती. ऐंशी ओलांडलेली म्हातारी मार्शमॅलो घातलेला बर्फाचा गोळा खात पहिल्या रांगेत बसली होती. आपण खेळणार नाही हे तिला सांगायला ग्लेंडा दोनदा पायऱ्यांपर्यंत गेली आणि दोनदा परत आली.

सामन्याला वीस मिनिटं असताना पेज व्हिटलॉक घोट्याला पट्टी बांधून कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसलेली दिसली. सरावात मुरगळला म्हणे. पेज संघातली सगळ्यांत चपळ बचावपटू, तेवीस वर्षांची. जाळीच्या स्टिकमध्ये चेंडू झेलायचा कसा, हे तिला चौदाव्या वर्षी ग्लेंडानेच शिकवलं होतं, आणि शाळेतल्यासारखं ती तिला अजून ‘मिस ग्लेंडा’च म्हणायची.

ग्लेंडा तिच्या शेजारी बसली. तिने सगळा सराव पाहिला होता. कुणाचाही पाय कुठे वळला नव्हता.

“काढ ती पट्टी,” ती हळूच म्हणाली.

पेजने काढली नाही. “मिस ग्लेंडा, मला अजून दहा वर्षं खेळायचंय. तुम्हाला एवढंच वर्ष आहे.”

“आणि बाकीच्या सतरा जणींचं काय?”

पेजने पट्टीचं टोक आणखी आत खोचलं. शाळेत असं कुणी केलं असतं तर ग्लेंडाने त्या मुलीला दंडाला धरून कोचसमोर उभं केलं असतं. ती उठलीही. तेवढ्यात कोचच जर्सी घेऊन आत आल्या. पेजच्या पायाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि जर्सी ग्लेंडापुढे धरली.

बोलायला एक क्षण होता. ग्लेंडाने जर्सी घेतली.

पूर्वार्धात ती चांगली खेळली. पळण्यात कमी पडत होती, पण कोण कुठे वळणार हे तिला आधी कळायचं. दोनदा तिने समोरच्या खेळाडूच्या स्टिकमधून चेंडू पाडला. दुसऱ्या वेळी म्हातारी गोळा हातात धरून उभी राहिली आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगू लागली की ही माझी मुलगी. मैदानात जेमतेम चारशे माणसं होती, त्यामुळे ते ग्लेंडालाही ऐकू गेलं.

उत्तरार्धात ऊन चढलं. शेवटचं मिनिट लागलं तेव्हा अकरा-अकरा बरोबरी होती. समोरच्या संघातली सात नंबरची मुलगी चेंडू घेऊन सरळ तिच्यावर आली, डावीकडे झुकली आणि उजवीकडे निघाली. ती उजवीकडेच जाणार हे ग्लेंडाला ठाऊक होतं. ही हुलकावणी ती सतरा वर्षं मुलींना शिकवत आली होती. डोक्याने वेळेवर सांगितलं, पण पाय अर्धं पाऊल मागे राहिला. चेंडू गोलात गेला.

बारा-अकरा. अंतिम सामना गेला.

कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या आपापल्या पिशव्या भरत होत्या. एकीने ग्लेंडाच्या पाठीवर हात ठेवला आणि पटकन काढला. एकेक करून सगळ्या बाहेर गेल्या, कुंपणापाशी थांबलेल्या शाळकरी मुलींना सह्या द्यायला. खोलीत पेज राहिली.

“राग आला असेल,” ग्लेंडा म्हणाली.

“तो गोल मी अडवला असता,” पेज म्हणाली.

“हो. अडवला असतास.”

“तुम्हाला वाईट वाटतंय?”

“वाटतंय,” ग्लेंडा म्हणाली. “पण जर्सी पुन्हा पुढे केली तर मी पुन्हा घेईन. त्याचंच जास्त वाईट वाटतंय.”

ती बुटाच्या नाड्या सोडायला वाकली. मांड्यांत गोळे आले होते आणि नाड्या घामाने आवळल्या होत्या. गाठ काही सुटेना. पेज उठली, तिच्यासमोर उकिडवी बसली, पट्टीच्या पायावर सगळा भार टाकून, आणि गाठ सोडवू लागली.

कोच रिडली दारात उभ्या होत्या. त्यांनी पेजच्या घोट्याकडे पाहिलं. मग, लेकीला भेटायचंय म्हणून मागे येऊन थांबलेल्या ग्लेंडाच्या आईला, अजून पाच मिनिटं लागतील असं सांगितलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं.