भर दुपारचे दिवे

येरमाळ्याच्या अलीकडं एका धनगरानं समोरून जीप येताना पाहिली, डोक्यावरचा पटका उतरवला आणि हात जोडून तसाच उभा राहिला. नागप्पानं त्याला तोंडभरून शिवी हासडली. दुपारच्या रखरखीत उन्हात जीपचे दोन्ही दिवे लखलख जळत होते. बटण आत ढकलून ढकलून त्याचा अंगठा दुखायला लागला, पण दिवे विझतील तर शपथ.

दिवसा दिवे लावून चाललेली गाडी म्हणजे आत मयत. त्या मुलखात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अशा गाडीला कुणी अडवत नाही, बैलगाडीवाले चाक रस्त्याखाली उतरवून वाट देतात. आज हा सगळा मान नागप्पाच्या पोरीला, मल्लम्माला मिळत होता, आणि मल्लम्मा तर जिवंत होती!

सकाळी गोवऱ्या काढताना पोरीला तांबडा विंचू डसला. बहात्तरचा दुष्काळ तो. झाडून सारं गाव खडी फोडायला गेलेलं, घरात बायको नाही, हाताखाली माणूस नाही. नागप्पा भूमच्या दूध संघाचा ड्रायव्हर, म्हणून निदान जीप तरी दारात होती. पोर सरळ बसेना. त्यानं तिला मागच्या सीटवर बसवलं, उपरण्यानं दांडीला बांधलं, कपाळभर विभूती लावली आणि उस्मानाबादच्या दवाखान्याची वाट धरली. लिंगायतांचं मयतसुद्धा बसवूनच नेतात, विभूती लावूनच नेतात, हे त्या घाईत त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"आप्पा," मल्लम्मानं मागून विचारलं, "लोकं कुणाला नमस्कार करायलेत?"

"देवीला गं. येडेश्वरीचं देऊळ जवळच हाय न्हवं."

नागप्पानं हात मागं नेऊन तिचं मनगट चाचपलं. निघताना ते कोमट होतं. आता घामानं ओलं आणि गार लागत होतं. पुढं आणखी एका म्हाताऱ्यानं हात जोडले. मनगट अजून गार झालं. एकेक नमस्कार पोरीला तिकडं ओढून नेतोय, असंच त्याला वाटायला लागलं.

येरमाळ्याच्या नाक्यावर वीरभद्र मिस्त्रीचं गॅरेज होतं. मिस्त्री पान्हा टाकून पुढं आला, आत डोकावला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "कधी झालं?"

"तुझ्या तोंडाला काय हाड हाय का न्हाय? जित्ती हाय ती! आधी हे दिवे बंद कर."

मिस्त्री वरमला. बटण खोलून बघितलं तर आतलं पितळ वितळून एकमेकाला चिकटलेलं. मागच्या वायरीचं रबर उंदरांनी कुरतडून खाल्लेलं. त्या साली उंदरांनाही दुसरं काय मिळत होतं म्हणा!

"नागप्पा, माझं ऐक," मिस्त्री म्हणाला, "दिवे ऱ्हाऊ दे तसेच. वाटंत कुणी अडवायचं न्हाय."

"जित्त्या लेकराला मयताचे दिवे लावून फिरवू? बाप हाय का कोण म्या?"

मिस्त्रीनं मोडीतल्या ट्रकचं बटण काढून बसवलं, वायरीला चिकटपट्टी गुंडाळली. दिवे विझले. नागप्पाला एवढं हायसं वाटलं, की पोरीचं मनगट बघायचंही तो विसरला.

येडशीच्या अलीकडं रस्ता बंद होता. एका गावच्या बायका रिकाम्या घागरी मांडून डांबरावर बसल्या होत्या. पार वळणापर्यंत डोकीच डोकी. सगळ्यात पुढं भिमाबाई नावाची एक म्हातारी होती, पदराखाली झाकलेला तांब्या मांडीवर घेऊन.

"टँकर आल्याबिगर चिटपाखरू जाणार न्हाय," ती म्हणाली.

"मावशी, पाया पडतो. पोरीला विंचू डसलाय."

"सकाळधरनं समद्या गाड्यांत पेशंटच निघायलेत. मघाचा एक पेशंट तर बिडी वढत बसला हुता. जा माघारी!"

बायका हसल्या. जीपचे पडदे उन्हासाठी सोडलेले, ते वर करून बघायलाही कुणी उठेना. मागं मल्लम्माच्या घशात घरघर लागली होती. नागप्पा परत स्टेअरिंगमागं बसला. नव्या बटणाकडं गेलेला हात त्यानं मागं घेतला. अजाणता लागलेले दिवे वेगळे. आता हे स्वतःच्या हातानं करायचं होतं.

त्यानं डोळे मिटले आणि बटण ओढलं.

बायकांचा आवाज पुढून मागं विझत गेला. घागरी सरकल्या. बायका डोक्यावर पदर घेत उठल्या, हात जोडून कडेला झाल्या. शेवटचा नमस्कार हाच, असं नागप्पाला वाटलं.

"आगं बाई! आदी का न्हाय सांगितलं रं लेकरा?" भिमाबाई तांब्या घेऊन जीपच्या मागं आली. "थांब. आमच्या शिवंतून तहानलेलं मयत जात नसतं. नातवाला ठेवलंय थोडं, त्यातलंच घालते तोंडात."

नागप्पा खाली उतरून तिच्या मागोमाग आला. नाही म्हणावं तर सोंग उघडं पडणार होतं.

भिमाबाईनं मल्लम्माच्या ओठांवर पाण्याची धार धरली. पाणी आत गेलं. मल्लम्माचा गळा हलला. तिनं घोट गिळला आणि डोळे किलकिले केले.

म्हातारीचा हात तिथंच थिजला. तिनं पोरीकडं बघितलं, मग नागप्पाकडं. त्याचे दोन्ही हात जोडलेले होते.

"काय झालं गं भिमे?" मागून बायकांनी विचारलं.

भिमाबाईनं तांब्यातलं उरलंसुरलं पाणी पोरीच्या तोंडात ओतलं. उपरण्याचं टोक तिच्या चेहऱ्यावर ओढलं आणि मागं वळून ओरडली, "बघत काय बसल्याव? सरका समद्या! गावाकडं मातीला मानसं खोळंबल्यात!"